फिल्टर लावला की फोटो बिघडतो: रंगाची छटा, काळे कोपरे, दुप्पट दिवे कुठून तपासायचे

लग्नसराई लागली किंवा पोळा जवळ आला की माझा फोन एकाच तक्रारीने वाजतो. "भाऊ, काहून असं होते? फिल्टर काढला की फोटो बरोबर, लावला की सगळं गुलाबी." कधी गुलाबीच्या जागी तपकिरी असतं, कधी कोपरे काळे, कधी एका दिव्याचे दोन दिवे. मी नागपुरात लग्नं आणि मिरवणुकी शूट करतो. मित्रांचे, नव्याने धंद्यात आलेल्या पोरांचे किती फिल्टर आजवर हातात घेऊन पाहिले, त्याचा हिशेब नाही. बहुतेक वेळा फिल्टर फेकायची गरज नसते, नवा महागडा घ्यायचीही नसते. क्रमाने पाहायची गरज असते. मी ज्या क्रमाने पाहतो तोच इथे लिहितो: आधी फुकटचं, मग शे-दोनशे रुपयांचं, मग खर्चाचं.

लक्षणं

आधी नेमकं काय बिघडतंय ते ठरवा. "फोटो खराब येतो" एवढ्यावर काहीच सापडत नाही.

- अख्ख्या फोटोवर एकच छटा: गुलाबी, तपकिरी, हिरवट किंवा पिवळट.
- छटा फक्त काही वस्तूंवर. एक काळा कपडा काळाच, शेजारचा तपकिरी. हे लक्षण वेगळं लिहून ठेवा, पुढे कामी येईल.
- रंग सुधारणारा फिल्टर लावला, पण फरकच दिसत नाही.
- रात्रीच्या फोटोत दिव्यांच्या फिकट प्रतिमा भलत्याच जागी.
- फोटोवर दुधाची साय आल्यासारखी, काळा रंग राखाडी.
- कोपरे काळे, आकाशात गडद पट्टा, किंवा मधोमध मोठी फुली.
- फोकस बसत नाही, किंवा बसल्यासारखा वाटतो आणि फोटो मऊ येतो.
- ताऱ्यांचा फिल्टर आहे, पण तारे नाहीत.

फिल्टर काढा, तीच फ्रेम पुन्हा घ्या

सांगायला सोपं आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांनी हेच केलेलं नसतं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, ट्रायपॉड नसेल तर गच्चीच्या कठड्यावर टेकवा. मोड मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून प्रकाशाच्या रंगाप्रमाणे ठेवायची सेटिंग) ठरावीक, आयएसओ आणि अ‍ॅपर्चर तेच. एक फोटो फिल्टरसकट, एक फिल्टरशिवाय. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) असेल तर शटर त्या हिशेबाने वाढवा: एनडी ८ म्हणजे ३ स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), एनडी ६४ म्हणजे ६, एनडी १००० म्हणजे जवळपास १०. फिल्टरशिवाय १/६० सेकंद लागत असेल तर एनडी १००० लावून साधारण १६ सेकंद लागतील.

दोष फिल्टरशिवायही दिसला, तर फिल्टरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मंगल कार्यालयातल्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येतात, एकाच जागी घेतलेल्या दोन फोटोंचा रंग वेगळा येतो, आणि शिव्या मात्र फिल्टरला बसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ला आणा. पट्टे गेले तर फिल्टरचा संबंध संपला.

ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा

माझ्या अनुभवात रंगाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

फिल्मच्या काळात फिल्मचा रंग कारखान्यातच ठरलेला असायचा. ३२०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यांसाठी बनवलेली फिल्म उन्हात वापरायची तर ८५बी हा केशरी फिल्टर लावत. उन्हासाठीची फिल्म पिवळ्या बल्बखाली वापरायची तर ८०ए हा निळा. हलका ऊबदारपणा हवा असेल तर ८१ मालिका, हलका गारवा हवा असेल तर ८२. आज नेमकं हेच काम कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स करतो, तेही न विचारता. तुम्ही केशरी काच लावता, कॅमेऱ्याला ती प्रकाशातली चूक वाटते, आणि तो ती पुसून टाकतो.

एका पोराने फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी प्री-वेडिंगचे फोटो काढले. सोनेरी पाणी हवं म्हणून केशरी फिल्टर लावला होता. पाणी राखाडी आलं आणि नवरीचा पिवळा शालू फिकट. फिल्टर नकली निघाला असं समजून तो परत करायला निघाला होता. व्हाइट बॅलन्स 'उन्हा'वर ठेवायला लावला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा काढायला लावलं. फिल्टर चोख होता.

परिणाम हवा असेल, म्हणजे ऊबदार, निळा, सूर्यास्ताचा फिल्टर असेल, तर व्हाइट बॅलन्स 'ऊन' किंवा ५५०० केल्विनवर खिळवून ठेवा. उलट फिल्टरची छटा नको असेल, म्हणजे एनडी किंवा पोलरायझर (चकाकी कमी करणारा, आकाश गडद करणारा फिल्टर) असेल, तर फिल्टर लेन्सवर असतानाच करड्या कार्डावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. कार्ड नसेल तर साधा पांढरा कागद चालतो, फक्त झाडाच्या सावलीत धरू नका, पानांचा हिरवा रंग कागदावर येतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवली तर नंतर घरी सुधारायला वाव राहतो.

८०ए सारखे गडद फिल्टर डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ८०ए जवळपास २ स्टॉप प्रकाश खातो. हॉलमध्ये तो प्रकाश आपल्याला प्रत्येक सेकंदाला हवा असतो. हॉलमध्ये पिवळे हॅलोजन आणि आपला पांढरा फ्लॅश यांचं भांडण असेल, तर केशरी कागद फ्लॅशवर चढवा, लेन्सवर नाही. फ्लॅश हॅलोजनच्या रंगाला आला की व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनला ठेवून दोन्ही प्रकाश एकदम सुधारतात. लेन्सवरचा फिल्टर दोन्हींना सारखाच रंगवतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक तसाच राहतो.

काच पुसा, पण नीट

फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि काचेवरून नजर फिरवा. हळदीच्या कार्यक्रमानंतर मी स्वतःचे फिल्टर असेच बघतो. हळद आणि तेलाचा बोट पुसल्यासारखा थर काचेवर बसतो. समोरून पाहिलं तर काच स्वच्छ दिसते, तिरकी धरली की पिवळसर ढग दिसतो. फोटोत तो ढग म्हणजे साय. होमाचा धूर आणि उन्हाळ्यातली धूळही तेच करतात.

आधी ब्लोअरने हवा मारा. मग मऊ ब्रशने कडेची धूळ काढा. मग लेन्सचं द्रावण कापडावर घ्या, थेट काचेवर ओतू नका, कारण ते कडेने आत शिरतं. मायक्रोफायबरने मधून बाहेर, गोल-गोल. शर्टाच्या टोकाने पुसणं सोडा. आपल्याकडच्या धुळीत बारीक खडा असतो, तो कापडाखाली घासला की काचेवरच्या कोटिंगवर (प्रकाश परत फेकणं कमी करणाऱ्या थरावर) कायमची रेघ.

एक गोष्ट खास आपल्या भागातली. मे महिन्यात घरोघरी कूलर लागतात, आणि आपण म्हणतो नागपूरची हवा कोरडी, बुरशीची भीती नाही. कूलरच्या खोलीतली हवा कोरडी नसते. फिल्टरची पेटी कूलरच्या झोतात असलेल्या कपाटात ठेवली आणि पावसाळ्यात उघडली, तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू शकतात. फिल्टरवरची बुरशी वरवरची असेल तर द्रावणाने निघते, खाली कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग राहतो. पेटी कूलर नसलेल्या खोलीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

एकावर एक किती काचा आहेत ते मोजा

यूव्ही कायम लावलेला, त्यावर पोलरायझर, त्यावर कधी एनडी. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो. एका फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. तीन काचा लावल्या की हा उडालेला प्रकाश कुठे जातो? त्यातला काही लेन्समध्येच इकडून तिकडे आपटत राहतो.

दुप्पट दिव्यांचं कारणही हेच. सेन्सरवरून परतलेला प्रकाश लेन्समधून बाहेर येतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत जातो. खूण पक्की आहे: दिवा फ्रेममध्ये वर डावीकडे असेल तर त्याचं भूत खाली उजवीकडे, मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे. कॅमेरा हलवला की भूत उलट दिशेने सरकतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या रात्री दीक्षाभूमीवर रोषणाईचे फोटो काढताना मी लेन्सवर एकही फिल्टर ठेवत नाही. काळ्या आकाशावर एक जरी हिरवट ठिपका आला तरी डोळा तिथेच जातो.

कोटिंग आहे की नाही हे बघायला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुरतं. प्रतिबिंब मंद आणि हिरवं किंवा जांभळं दिसलं तर कोटिंग आहे. आरशासारखं लख्ख पांढरं दिसलं तर नाही, आणि असा फिल्टर रात्रीच्या कामाला वापरू नका.

काळे कोपरे

झूम करून बघा. १८ किंवा २४ मिमीला काळे आणि ३५ ला साफ, तर फिल्टरची कडा फ्रेममध्ये येते आहे. एक फिल्टर काढा, हूड नीट बसलाय का पाहा, तरीही आले तर पातळ कडेचा फिल्टर लागेल. मोठा फिल्टर घेऊन स्टेप-अप रिंग लावणं मला जास्त पटतं, एकच ७७ किंवा ८२ मिमीचा फिल्टर सगळ्या लेन्सना चालतो. लेन्सचं माप पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आत, रेघ मारलेल्या वर्तुळाच्या चिन्हापुढे छापलेलं असतं.

पोलरायझर

फोकसची तक्रार असेल तर आधी हे तपासा की तो वर्तुळाकार आहे की रेषीय. वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या ट्रंकेतून निघालेले बरेच पोलरायझर रेषीय असतात. डीएसएलआरमध्ये फोकसकडे जाणारा प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून जातो, आणि रेषीय पोलरायझर मीटर आणि फोकस दोन्हींना फसवू शकतो. मिररलेसमध्ये असा आरसा नसल्याने सहसा अडचण येत नाही.

चाचणी घरात होते. लॅपटॉपची एलसीडी स्क्रीन पांढरी करा. फिल्टरची पुढची बाजू स्क्रीनकडे धरून फिरवा, एका ठिकाणी तो जवळपास काळा व्हायला हवा. आता उलटा करा, आट्यांची बाजू स्क्रीनकडे. वर्तुळाकार असेल तर फिरवूनही काळा होणार नाही, रंग थोडा इकडे-तिकडे होईल इतकंच. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर रेषीय आहे. कुठल्याच बाजूने काळा झाला नाही तर तो पोलरायझरच नाही, किंवा आतला थर मेला आहे.

थर मरतो तो बहुधा उष्णतेने. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात ठेवलेला पोलरायझर मी पाहिलाय, कडेपासून आत इंद्रधनुषी डाग सरकत आले होते. दोन काचांमधला थर सुटला की परत चिकटत नाही.

आकाशातला गडद पट्टा हा बिघाड नाही. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात परिणाम सर्वांत जास्त असतो आणि वाइड लेन्स एवढं मोठं आकाश घेते की काही भाग गडद, काही फिका. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताठ ठेवा आणि मनगट फिरवा: अंगठा जिकडे दाखवेल तिकडे आकाश गडद होईल. मे अखेरीस नागपुरात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा हा पट्टा चारी बाजूंना क्षितिजालगत पसरतो. त्यामुळे पट्टा कमी जाणवतो, पण धुळकट हवेत परिणामही कमी मिळतो. रामटेकच्या गडावरून खालचा परिसर घ्यायचा असेल तर मी सकाळी जातो, २८ मिमीपेक्षा वाइड जात नाही आणि पोलरायझर पूर्ण फिरवत नाही.

एनडी आणि काळ्या कपड्यांचं कोडं

आता ते वेगळं लिहून ठेवलेलं लक्षण.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक भर दिवसा निघते. व्हिडिओवाल्यांना २५ फ्रेमला शटर १/५० हवं असतं, म्हणून सगळे एनडी लावतात. एका मित्राचं फुटेज मी त्याच्या लॅपटॉपवर बघत होतो. काळी मारबत काळीभोर, आणि तिच्याभोवती नाचणाऱ्या पोरांचे काळे टी-शर्ट गडद वांग्याच्या सालीच्या रंगाचे. झाडांची पानं पिवळट. त्याने रंग सुधारून टी-शर्ट काळे केले, तर मारबत हिरवट झाली. दोन तास तो हेच करत बसला होता.

त्याचं कारण व्हाइट बॅलन्समध्ये नाही. स्वस्त एनडी डोळ्याला दिसणारा प्रकाश अडवतो, पण अवरक्त (डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड) किरण जाऊ देतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच असते, पण ती पूर्ण अडवत नाही. एरवी हा गळणारा भाग नगण्य असतो. दिसणारा प्रकाश फिल्टरने शेकडो पट कमी केला की गळती उठून दिसते. काजळीचा काळा रंग अवरक्तही शोषतो, म्हणून काळाच राहतो. कृत्रिम धाग्याचे रंगवलेले काळे कपडे अवरक्त परत फेकतात, म्हणून तपकिरी. पानं तर अवरक्त भरपूर फेकतात. प्रत्येक वस्तूची चूक वेगळी असल्यामुळे एकाच सुधारणेने सगळं ठीक होत नाही.

याची चाचणी फुकट आहे. फोनचा कॅमेरा चालू करून टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबा. रिमोटच्या टोकाचा दिवा फोनमध्ये चमकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीचा वापरा. आता फोनच्या लेन्सपुढे एनडी धरा. खोली अंधारली आणि रिमोटचा दिवा तसाच चमकत राहिला, तर फिल्टर अवरक्त गाळतोय असा जोरदार संशय घ्या. खात्रीसाठी उन्हात दोन-तीन काळे कपडे शेजारी ठेवून फिल्टरसकट आणि फिल्टरशिवाय फोटो घ्या. नवरदेवाचा काळा सूट असलेल्या लग्नाआधी ही चाचणी मी चुकवत नाही. उपाय एकच, अवरक्त अडवणारा एनडी. इथे पैसे खर्च करणं योग्य आहे.

सगळ्या वस्तूंवर सारखीच छटा असेल तर मात्र हा दोष नाही, कस्टम व्हाइट बॅलन्सने काम होईल. डीएसएलआरवर लांब एक्स्पोजर असेल तर आणखी एक बघा: मागच्या व्ह्यूफाइंडरमधून प्रकाश आत शिरून फोटोवर जांभळट रेघा उमटवतो. खिंडसी तलावाच्या काठावर सूर्य पाठीशी होता तेव्हा मी अर्धा तास फिल्टरलाच दोष देत होतो. व्ह्यूफाइंडरवर झाकण लावा, नसेल तर काळा रुमाल टाका.

फिरवून कमी-जास्त करायच्या एनडीतली फुली म्हणजे आतल्या दोन पोलरायझरची मर्यादा. शेवटच्या खुणेपर्यंत फिरवू नका, वाइड लेन्सवर तर आणखी आधी थांबा.

इफेक्टचे फिल्टर

यांत बिघाड क्वचित, अपेक्षा चुकलेली जास्त. ताऱ्यांच्या फिल्टरला अंधारात छोटे, तेज दिवे लागतात. भरून उजेड असलेल्या स्टेजवर तारे उमटत नाहीत, नुसती साय येते. मिस्ट फिल्टरचा (दिव्यांभोवती धुकट वलय आणणाऱ्या काचेचा) परिणाम लांब फोकल लेंथला वाढतो, म्हणून ३५ मिमीला आवडलेला फिल्टर ८५ ला अतिरेकी वाटतो. एफ ११-१६ ला गेलात तर त्याचे काळे कण धूसर दिव्यांवर ठिपक्यांसारखे दिसतात. आणि क्लोज-अप काच लावून दूरचं काहीच फोकस होत नाही, कारण +१ लावली की लेन्सचा सर्वांत लांबचा फोकस १ मीटरवर येतो. ती काढल्याशिवाय वरात टिपता येणार नाही.

फिल्टर अडकला तर, आणि कुठे थांबायचं

अडकलेला फिल्टर चिमटीत दाबून फिरवू नका. दाबल्याने कडा अंडाकृती होते आणि आटे आणखी घट्ट धरतात. कडेभोवती जाड रबर बँड गुंडाळा, सगळ्या बोटांनी सारखा, हलका जोर द्या. उन्हातून आला असाल तर आधी सावलीत निवू द्या. फिल्टर काढायचे प्लॅस्टिकचे पाने स्वस्त मिळतात, ते जोडीने वापरा. एवढ्यावर निघाला नाही तर थांबा. पक्कड लावायची नाही, तेल सोडायचं नाही.

पुढच्या गोष्टी दिसल्या की घरची दुरुस्ती बंद करा आणि लेन्स अनुभवी कारागिराकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात न्या:

फिल्टर लेन्सवरच फुटला असेल तर. फिरवू नका, पुसू नका. लेन्सचं तोंड खाली करून सुटे तुकडे पडू द्या आणि तशीच न्या. एक तुकडा पुढच्या काचेवर घासला तर नुकसान फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.

लेन्सचे आटे वाकले असतील तर. ते सरळ करायचं खास अवजार असतं आणि हात बसलेला लागतो.

बुरशी किंवा धुके लेन्सच्या आत दिसत असेल, किंवा फिल्टर काढूनही फोकस चुकत असेल तर. लेन्स उघडून काचा पुन्हा जुळवणं घरात होत नाही.

पोलरायझरचा थर सुटला असेल तर कारागिराकडेही नेऊ नका, तो बदलायचाच.

आणि एनडी १००० लावला म्हणून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीच पाहू नका. असा फिल्टर अवरक्त जाऊ देऊ शकतो हे वर पाहिलंच, डोळ्याला ते जाणवतही नाही.

कारागिराकडे जाताना ती पहिली दोन फोटोंची जोडी, फिल्टरसकट आणि फिल्टरशिवाय, मूळ फाइलसह सोबत न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नको, त्यात सेटिंग पुसली जाते. लेन्स काउंटरवर ठेवण्याआधी ती जोडी दाखवा.